ओल किती वेळ टिकते?



एक प्रश्न घेऊन तुमच्यापुढे आलो आहे. दोन अनोळखी घरांतली लेकरे एका धारेखाली उभी राहिली, भिजली, एकमेकांचे हात धरून नाचली आणि घटकाभराने आपापल्या आईकडे परत गेली. त्या घटकाभरात त्यांच्यात तुझे-माझे नव्हते, उच्च-नीच नव्हते, गोरे-काळे नव्हते. हे समत्व खरे धरायचे की खोटे? अंग सुकले की जे संपते, त्याला समत्व म्हणायचे का?

पोरांचा खेळ तो, त्याला कसला सिद्धान्त लावता, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण त्याच प्रश्नात पोरांच्या जागी वारकरी घालून बघा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. तेवढे दिवस वाटेत भेटेल त्याच्या पायांवर आपण डोके ठेवतो. तो कोण, कुठला, कोणाच्या घरचा, हे विचारत नाही. नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांना स्नान घडते, तेव्हा अंगावर आलेले तुषार कोणाला लागून आले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. रिंगणात सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराबरोबर फुगडी घालतो. मग पौर्णिमेचा काला होतो, आपण एसटीत बसतो, गावच्या थांब्यावर उतरतो. पुढे काय होते ते तुम्हीही जाणता, मीही जाणतो. तेव्हा हा प्रश्न पोरांचा नाही, आपला आहे.

मी रत्नागिरीला मांडवीत राहतो. दारातून समुद्राची गाज ऐकू येते. गळ्याने साथ सोडली तेव्हा कीर्तन थांबवले, वीणा मात्र अजून खुंटीला आहे. मुलगी-जावई अमेरिकेत, शिकागोच्या बाजूला असतात. त्यांच्या आग्रहाने गेल्या ज्येष्ठात तिकडे गेलो आणि वारी हुकली. पालखीच्या प्रस्थानाच्या दिवशी मी सातासमुद्रापलीकडे बसलो होतो. मनाला चुटपूट होती. ती ओळखून मुलगी म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला विवेकानंदांची जागा दाखवते."

११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामीजींनी सर्वधर्म परिषदेत जे भाषण केले, ते ज्या इमारतीत झाले ती आजही उभी आहे. आता तिथे चित्र-शिल्पांचे मोठे संग्रहालय आहे. समोरच्या हमरस्त्याच्या एका भागाला स्वामीजींचे नाव मानाने दिले आहे. पायऱ्यांना हात लावून नमस्कार केला. दोन्ही नातवंडे मात्र कंटाळली होती. त्यांना ओढ होती ती शेजारच्या बागेतल्या कारंज्याची. संग्रहालयाच्या उत्तरेला रस्ता ओलांडला की ते कारंजे. जुलै २००४ मध्ये ते लोकांना खुले झाले. क्राउन नावाच्या कुटुंबाने देणगीचा मोठा वाटा उचलला, म्हणून त्याला क्राउन कारंजे म्हणतात.

कारंजे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हौद येईल, मध्ये उडणारी धार येईल, भोवती कठडा आणि 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी येईल. इथे त्यातले काही नाही. काळ्या ग्रॅनाइटची लांबरुंद फरशी, तिच्यावर तळवा जेमतेम ओला होईल इतकेच पाणी, आणि फरशीच्या दोन टोकांना समोरासमोर काचेच्या विटांचे दोन मनोरे, प्रत्येकी पन्नास फूट उंच. काचेमागे दिव्यांचा पडदा आहे. त्यावर माणसाचा चेहरा दिसतो, मनोऱ्याएवढा. तो हलतो, पापण्या मिटतो, हसू आवरतो. काही मिनिटांनी तो ओठांचा चंबू करतो आणि नेमक्या ओठांच्या जागेतून पाण्याची जाड धार खाली पडते. खाली पोरांची दाटी झालेली असते. ओठ मुडपायला लागले की आरोळी उठते, धार पडली की किंचाळ्या. मग चेहरा विझतो, मनोऱ्याच्या माथ्यावरून पाणी पाझरत राहते, आणि थोड्या वेळाने दुसरा कोणी माणूस तिथे प्रकट होतो.

हे चेहरे कोणाचे? राजाचे नाहीत, पुढाऱ्यांचे नाहीत, देवाचेही नाहीत. बार्सिलोनाचा जौमे प्लेन्सा हा शिल्पकार. त्याच्या योजनेनुसार त्याच शहरातल्या सुमारे एक हजार साध्या माणसांचे चेहरे टिपून ठेवले आहेत. म्हातारे आहेत, तरुण आहेत, काळे, गोरे, पिवळसर, आपल्यासारखे गव्हाळही आहेत. आत्ताच्या धारेला तोंड कोणाचे मिळेल हे खाली उभ्या पोराला ठाऊक नसते आणि त्याला त्याची फिकीरही नसते.

आपल्याला हे अगदीच परके नाही. राजापूरला, उन्हाळ्याच्या गंगेच्या स्थानी जे गेले असतील त्यांनी गोमुख पाहिले असेल. चौदा कुंडे आहेत. गंगा आली की ती भरतात, गेली की कोरडी पडतात. ती यायची तिच्या मर्जीने, आणि आली की माणसे धावतात. दगडी गाईच्या मुखातून धार पडते, तिच्याखाली आपण डोके धरतो आणि पावन झालो म्हणतो. गाय आपल्याला पवित्र, म्हणून तिच्या मुखातून आलेले पाणी तीर्थ. पण माणसाच्या तोंडातून आलेले पाणी आपल्या शास्त्रात काय ठरते? उष्टे! सोवळ्यात वाढलेल्या माझ्यासारख्याच्या मनात पहिला विचार तोच आला, आणि पाठोपाठ काला आठवला.

काल्याच्या कीर्तनात आपण सांगतो ते गोपाळ काय करत होते? एकमेकांच्या शिदोऱ्या एकत्र करून, एकाचा घास दुसऱ्याच्या मुखात घालून खात होते. ते उष्टे मिळावे म्हणून देव माशांची रूपे घेऊन यमुनेत आले, म्हणजे पोरे हात धुतील तेव्हा शिते पाण्यात पडतील. कृष्णाने ते ओळखले आणि पोरांना सांगितले, आज हात यमुनेत धुवायचे नाहीत, घोंगडीला पुसा. ब्रह्मादिकांना जे मिळाले नाही ते गवळ्यांच्या घोंगडीला मिळाले. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे, मीही शेकडो वेळा सांगितली आहे. तिच्यातली खोच अशी की तो प्रसंग पोरांचा आहे. काला मोठ्यांचा असता तर पंगती वेगळ्या लागल्या असत्या, आणि देव माशांच्या रूपात ताटकळतच राहिले असते.

इथे कोकणातला वाचक मला अडवील. बुवा, शहरात पाण्याचा खेळ मांडायचा आणि तुम्ही त्यात काला बघायचा? वैशाखात आमच्या वाडीला टँकर लागतो! हा पूर्वपक्ष रास्त आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही, सगळा समुद्राला जातो आणि शिमगा सरला की विहिरीचा तळ दिसू लागतो. त्या कारंज्यात मात्र तेच पाणी गाळून पुन्हापुन्हा फिरवतात. तेव्हा उधळपट्टीचा दोष तिथे फारसा लागत नाही. पाणी किती सांडले यापेक्षा ते कोणावर सांडले, हा प्रश्न मला मोठा वाटतो. तिकडे वळतो.

पुण्याच्या शनिवारवाड्यातले हजारी कारंजे तुम्ही पाहिले असेल. सोळा पाकळ्यांच्या कमळाची आकृती आहे. ते बांधले बाल पेशव्यासाठी, सवाई माधवरावांच्या मनोरंजनासाठी. १७७४ साली जन्मलेले ते लेकरू चाळीस दिवसांचे असतानाच पेशवाईची वस्त्रे ल्याले. कात्रजहून नळाने पाणी आणण्याचे काम नानासाहेबांच्या काळात झाले होते, पेठांतले हौद त्याच पाण्याने भरत. पाणी सगळ्या गावाला, पण कारंजे एका मुलासाठी, आणि तेही भिंतींच्या आत. बरोबर खेळायला कोणी धक्काबुक्की करणारे नाही, कोणाच्या अंगावर ओंजळभर पाणी फेकायची मुभा नाही. एकविसाव्या वर्षी, १७९५ साली, त्याच वाड्याच्या मजल्यावरून पडून त्यांचा अंत झाला. कमळ अजून आहे. त्या मुलाची मला नेहमी कीव येते.

शिकागोतही मोठे देखणे कारंजे आहे, क्राउनपासून चालत जाता येते इतके जवळ. बकिंगहॅम त्याचे नाव. एका बहिणीने दिवंगत भावाच्या स्मरणार्थ दिले. पाण्याचा स्तंभ आकाशात चढतो, माणसे दुरून बघतात, फोटो काढतात. शिवायची सोय नाही. त्याचे लोकार्पण २६ ऑगस्ट १९२७ ला झाले, असे तिथे वाचले आणि साल बघून मी थबकलो. १९२७ म्हटले की कोकणच्या माणसाला दुसरेच पाणी आठवते.

त्याच वर्षी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे पुढच्या वर्षी जाहीर केले होते. कागदावर तळे खुले होते, पण ओंजळ भरायला कोणाला जाऊ दिले जात नव्हते. ती भरली तेव्हा मारहाण झाली. पुढे तळे 'शुद्ध' करायला एकशे आठ घागरी पाणी काढून त्यात पंचगव्य मिसळून ओतले गेले. मंत्र म्हणणारे आपल्यासारखेच शिकलेले होते, माउली. पोथ्या त्यांच्याही घरी होत्या.

आमच्या गावाचे सांगतो. नाव सांगत नाही, कारण त्या काळी सगळी गावे तशीच होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षे झाली होती, अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदाही झाला होता. आमच्या वाडीची विहीर चिऱ्यांची, बारमाही. उन्हाळ्यात खालच्या वाडीची विहीर आटली की तिथल्या बायका कळश्या घेऊन यायच्या आणि लांब, फणसाच्या मुळाशी बसून राहायच्या. आमच्यातली कोणी बाई येईल, तिला दया येईल, ती पोहरा काढील आणि वरून, हातभर अंतर ठेवून, त्यांच्या कळशीत पाणी ओतील. कळशीला पोहरा लागता कामा नये. कोणी तहानलेला आला तर ओंजळ तोंडाशी धरून खाली वाकायचा आणि वरून धार सोडली जायची. वरून पडणारे पाणी म्हणजे काय, याची माझ्या मनातली पहिली खूण ती आहे. एक माणूस उभा, दुसरा वाकलेला, आणि मध्ये हातभर हवा.

म्हणून त्या परक्या गावात, पन्नास फुटांच्या मनोऱ्यातून एका काळ्यासावळ्या म्हाताऱ्याच्या मुखातून धार पडताना आणि खाली सगळ्या जगाची पोरे तोंडे वर करून उभी असताना मी पाहिली, तेव्हा मला वेगळेच वाटले. इथेही पाणी वरूनच पडत होते, पण खाली वाकलेला कोणी नव्हता. काही वेळाने थोरल्या नातीने हात धरून मलाही ओढले. सदरा, धोतर, टोपी, कपाळीचा बुक्का, सगळे भिजले. माळ तेवढी भिजायलाच गळ्यात असते.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. गोड झाला असता. पण त्या गावाचे पाणीही काही निर्मळ नाही, तेही सांगितले पाहिजे. ते शहर मिशिगन नावाच्या अफाट सरोवराच्या काठी आहे. २७ जुलै १९१९ रोजी, कारंज्याच्या जागेपासून दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर, युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा तराफ्यावरून खेळत होता. किनाऱ्यावर गोऱ्यांची जागा आणि काळ्यांची जागा अशी वाटणी होती. लेखी कुठे नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होती. पाण्यात ती रेघ कशी दिसणार? तराफा वाहत पलीकडे गेला. किनाऱ्यावरच्या एका गोऱ्याने दगड मारले, मुलगा बुडाला. त्यातून जी दंगल पेटली तिच्यात अडतीस माणसे मेली आणि पाचशेच्या वर जखमी झाली. महाडच्या आधी आठ वर्षे. दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे न दिसणारी रेघ. आणि ज्या इमारतीत विवेकानंदांनी समोरच्यांना बंधू-भगिनी म्हटले होते, त्या गोष्टीला तेव्हा सव्वीस वर्षे होत आली होती.

तेव्हा तिथल्या पोरांचे ते भिजणे वर्षानुवर्षांच्या पापाचे प्रायश्चित्त आहे, असे मी मानत नाही. तो खेळ आहे. खेळाचे मोल काय, हे आता बघू.

त्या दिवशी आमच्याबरोबर तिकडचे एक मराठी गृहस्थ होते. भाविक, घरी आषाढीला भजन ठेवणारे, टाळ चांगला वाजवतात. धाकटा नातू आणि त्याच्याच वयाचा एक काळा मुलगा हातात हात घालून धारेखाली उड्या मारत होते. हे गृहस्थ माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बुवा, नातवाला जरा इकडे बोलवा. कोणाबरोबर खेळतोय बघा तरी." आवाजात दुष्टपणा नव्हता. काळजी होती, आपल्या माणसाची करावी तशी. माझ्या खांद्यावर कोरडा पंचा होता. तो त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "दोघेही भिजलेत, सर्दी होईल. जरा डोकी पुसा." त्यांनी नातवाचे डोके पुसले. दुसऱ्याची वेळच आली नाही. त्याच्या आईने हाक मारली आणि ते पोर पाणी उडवत पळून गेले. गृहस्थ हातात ओला पंचा घेऊन उभे राहिले. परतीच्या वाटेवर आम्ही दोघे त्याविषयी काही बोललो नाही.

आता शास्त्राकडे येतो. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली, त्या पाठाची सवय जात नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य कहोलाला सांगतात, त्याचा आशय असा की ज्याने पांडित्य पुरे केले त्याने बाल्याने राहावे, आणि पुढे मौनाकडे जावे. यावर जुना वाद आहे. बाल्याने राहावे म्हणजे काय? पोरासारखे मनास येईल ते करावे? वाटेल ते खावे, वाटेल तिथे लोळावे? ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा विचार आला आहे आणि निर्णय असा की तसे नव्हे. पोरापासून घ्यायचे ते एवढेच, की त्याला आपले मोठेपण मिरवता येत नाही. त्याच्या ठायी दंभ उगवलेला नसतो. ज्ञात्याने तसे असावे.

क्रम लक्षात घ्या. आधी पांडित्य, मग बाल्य. पोराचे बाल्य पांडित्याच्या आधीचे आहे, त्याला भेद ठाऊकच नाही. सिद्धाचे बाल्य पांडित्याच्या नंतरचे, त्याने भेद ओळखून टाकला आहे. आणि मध्ये कोण? आपण सगळे. हातात पंचा घेऊन काठावर उभे असलेले. पोराला भेद शिकवणारेही आपणच. तो आईच्या पोटातून शिकून येत नाही, काठावरून हाक येते तेव्हा शिकतो. 'इकडे ये' एवढे दोन शब्द पुरतात, कारण सांगावे लागत नाही. कारण सांगितले तर पोर वाद घालील. नुसत्या हाकेने त्याला कळते की तिकडे काहीतरी आहे.

म्हणून पोरांच्या त्या घटकाभराच्या समत्वाला मी खोटे म्हणणार नाही. ते खरे आहे, पण त्यात त्यांची कमाई नाही. नागव्या पोराने संन्यास घेतला असे आपण म्हणत नाही, तसेच हे. कमाई करायची ती आपण, आणि ती धारेखाली उभे राहून होत नाही. सगळे भिजत असताना भिजणे सोपे असते. वारीत सगळे पाया पडतात तेव्हा पाया पडणे सोपे असते, न पडणाराच वेगळा दिसतो.

याचा दाखला पंढरीतच आहे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीजवळ. संतांनी त्यांना आपले म्हटले, त्यांचे अभंग आपण कीर्तनाला घेतले, डोळ्यांत पाणी आणून गायले. आणि त्यांच्या जातीच्या माणसांना राउळात पाऊल ठेवायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, दहा दिवस उपोषण करावे लागले. मधली सहाशे वर्षे वाळवंटात खेळ चालूच होता. मिठ्या पडत होत्या, बुक्का लागत होता, एकमेकांना माउली म्हणणे चालू होते. खेळ खोटा नव्हता. पण महाद्वाराच्या आत जायची वेळ आली की कोणी तरी काठावरून हाक मारत होते. आमच्या रत्नागिरीत भागोजी कीरांच्या पैशाने आणि सावरकरांच्या पुढाकाराने पतितपावन मंदिर १९३१ साली सर्वांसाठी उघडले. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण मी सांगितलेली फणसाच्या मुळाशी बसणाऱ्या बायकांची हकिगत त्यानंतर पाव शतकाने, त्याच जिल्ह्यातली आहे, हेही विसरता येत नाही.

नाथांकडे बघा. काशीची कावड रामेश्वराला चालली होती, वाळवंटात गाढव तडफडत होते, त्याच्या मुखात त्यांनी गंगा ओतली. कीर्तनात आपण इथे थांबतो आणि टाळी घेतो. मला अलीकडे त्या बरोबरच्या मंडळींचा विचार येतो. सगळ्यांच्या खांद्यावर कावडी होत्या. सगळे थांबले असतील, सगळ्यांनी पाहिले असेल. आपली कावड उतरवली एकट्या नाथांनी. आणि पैठणला नाथांच्या वाड्यातला रांजण आहे, श्रीखंड्याने पाणी भरला तो. षष्ठीच्या आधी, बीजेपासून, येईल तो भाविक त्यात घागर ओततो, आणि कोणाच्या तरी घागरीने तो भरून वाहू लागतो. त्या वेळी देव येऊन पाणी भरून गेला असे मानतात. कोणाच्या घागरीला तो मान मिळेल ते ठरलेले नसते. त्या रांजणाला तुम्ही कारंजे म्हटलेत तरी माझी हरकत नाही.

आता आमच्या त्या गावात नळ आला आहे. घरोघरी तोटी. फणसाचे झाड नाही, विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आहे, आत शेवाळ. गावात विचारले तर सांगतात, आता तसले काही राहिले नाही, कोणी विहिरीवर जातच नाही. खरे आहे, कोणी जात नाही. पण विहीर सुटली म्हणून प्रश्न सुटला का, हे मला कळत नाही. माणसे एकमेकांच्या पोहऱ्याखाली येण्याचा प्रसंगच उरला नाही, एवढे नक्की. गेल्या वैशाखात टँकर आला तेव्हा मी तिथेच होतो. वरच्या वाडीची पिंपे आधी लागली. रांग कोणी लावली, कशी लावली, कोणी कोणाला काही सांगितले नाही. ती आपोआप लागली. माझ्या जुन्या सवयीने मी त्या रांगेकडे नीट बघितले.

माउली, तुमच्याकडे मागणे एवढेच. घरात कोणी सत्तरी-ऐंशीची बाई असेल, आई, आजी, आत्या, तर तिला जवळ बसवून विचारा, तुम्ही लहानपणी पाणी कुठल्या विहिरीवरून आणायचात, आणि त्या विहिरीपासून लांब कोण बसायचे. किंवा लांब बसणाऱ्यांतली ती स्वतः असेल, तर तिला पाणी कोण वाढायचे. ती आधी सांगणार नाही, जुने कशाला उकरता म्हणेल. चहा घ्या, थांबा, पुन्हा विचारा. नातवंडे जवळ असली तर त्यांना उठवू नका. आणि जे कळेल ते मासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा. गावाचे नाव घातले नाहीत तरी चालेल.